पास्कलचा चहा आणि माझे अनारसे

अबुधाबीला उतरले तेव्हा माझ्या मनात पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचा एक गुन्हा होता आणि बॅगेत अनारशांचा डबा. दोहोंपैकी भीती मला फक्त गुन्ह्याची वाटत होती. कस्टमच्या अधिकाऱ्यासमोरून जाताना मी त्याच्याकडे बघून छान हसले. पांढरे केस, सुती साडी, पायात पळायचे बूट अशा म्हातारीला सहसा कुणी अडवत नाही, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. त्यानं हात छातीशी नेऊन अदबीनं मान झुकवली आणि मी ढकलगाडी लोटत दिमाखात बाहेर आले. तो क्षण आता आठवला की मी देवाला हात जोडते.

बाहेर केतकी उभी होती. केतकी म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. नवरा, बारा वर्षांची इरा आणि ही, असे तिघं अल रीम आयलंडवर एकतिसाव्या मजल्यावर राहतात. तिनं मला मिठी मारली आणि कानात पहिलं वाक्य बोलली, "मावशी, मी पाठवलेली लिस्ट वाचलीस ना गं?"

"वाचली."

"पूर्ण?"

"वरवर."

काय काय आणायचं नाही याची ती यादी होती. मी पहिल्या चार ओळी वाचल्या. त्यात औषधांबद्दल काहीतरी होतं. माझ्याकडे फक्त रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि त्यांची डॉक्टरची चिठ्ठी होती, त्यामुळे मी समाधानानं फोन बंद केला. नियमांची यादी दिसली की माझे डोळे आपोआप मिटतात. हे वावडं कॉलेजपासूनचं आहे. गंमत अशी की पुढं मी त्याच कॉलेजात छत्तीस वर्षं शिकवलं, उपप्राचार्य झाले आणि शिस्त समितीवर बसून दुसऱ्यांच्या पोरांना नियम वाचून दाखवले.

केतकीसाठी मी चकल्या आणि बेसनाचे लाडू आणले होते. अनारशांचा डबा मात्र साडीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला होता. तो केतकीच्या हाती लागला असता तर पुढं रुवैसपर्यंत एक तुकडाही पोचला नसता. अनारसे तिथं राहणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मित्रासाठी, पास्कलसाठी होते.

रीम आयलंड म्हणजे काचेच्या उंच इमारतींचं बेट. केतकीच्या गॅलरीतून खाली खाडीचं हिरवट पाणी आणि पलीकडे तिवरांचं रान दिसतं. तिवरं बघून मला हायसं वाटलं. एवढ्या काचेत निदान चिखल तरी ओळखीचा होता. सकाळी खाली चक्कर मारायला गेले तर आपली माणसं पावलोपावली भेटली. लिफ्टमध्ये एक डोंबिवलीचे गृहस्थ भेटले. "काय म्हणताय, सेटल झालात का?" त्यांनी विचारलं. मी आठ दिवसांसाठी आलेय म्हटल्यावर ते खट्टू झाले. कोपऱ्यावरच्या टपरीवजा हॉटेलात करक (दूध आटवून केलेला दाट वेलदोड्याचा चहा) मिळतो. तो कागदी पेल्यातून पीत मी समुद्राच्या कडेनं हिंडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कपाळाला फुलाफुलांची पट्टी, गळ्यात शांततेचं ते वर्तुळातलं चिन्ह आणि पायात कडक इस्त्रीची बेलबॉटम.

"आजी, स्कूलमध्ये डेकेड्स डे आहे. आय हॅव टु बी अ हिप्पी."

"ही पँट कुठून आणलीस?"

"मॉलमधून," केतकी आतून ओरडली. "एकशे ऐंशी दिरहम! म्हणजे बघ, चार हजारच्या वर गेले."

मी इराला सांगितलं की हिप्पी इस्त्री करत नसत. तिची पँट चुरगाळून गादीखाली ठेवली, केस विस्कटून दिले आणि पाय जरा फेंगडे टाकत चालायला शिकवलं. तिला माझ्या ज्ञानाचं आश्चर्य वाटलं.

"वेअर यू, लाइक, अलाइव्ह देन?"

"होते की. एक-दोघं तर माझ्या हातचं जेवलेत."

"पण ते करायचे काय, ॲक्च्युअली?"

"नाही म्हणायचे."

"टु व्हॉट?"

"मावशी!" स्वयंपाकघरातून इशारा आला. मी गप्प बसले. खरं उत्तर बाराव्या वर्षी सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते मी ज्याला सांगायला आले होते तो रुवैसला राहत होता.

ते इथं सांगते, म्हणजे मी एवढ्या लांब कशासाठी तडफडत गेले ते कळेल.

पास्कल वसईचा. पुण्यात आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायचा आणि गावच्या फादरांनी दिलेली गिटार वाजवायचा. मी गायचे. तिसरा एकजण टेबल बडवून ठेका धरायचा. तो आता अमेरिकेत असतो आणि रोज सकाळी सुविचार पाठवतो. असा आमचा वाद्यवृंद. तेव्हा जगभरची पोरं केस वाढवून रस्त्यावर उतरली होती आणि त्यातली काही गोव्याला जाता-येता पुण्यात टेकायची. त्यांची गाणी आम्ही उचलली, विजारीही उचलल्या. पण आमचं बंड मात्र अस्सल घरगुती होतं. दुष्काळाची वर्षं होती. मेसमध्ये रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी आणि भातात खडे. मेसचं कंत्राट संस्थेच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याकडे, आणि गॅदरिंगला प्रमुख पाहुणे तेच अध्यक्ष. पास्कलनं गाणं रचलं:

साहेबांच्या ताटात साजूक तूप,
आमच्या भातात खडे खूप.

ते गाणार होते मी. पण ऐन दिवशी माझा घसा बसला आणि गाणं पास्कलवर आलं. पास्कल म्हणजे इतका भिडस्त की वर्गात हजेरीला 'हजर' म्हणतानाही त्याचा आवाज चिरकायचा. आता एक दाढीवाला परदेशी पाहुणा चार दिवस आमच्या मेसमध्ये जेवला होता आणि जाताना कृतज्ञता म्हणून त्यानं मला नशेचं औषध जिरवलेला, टपालाच्या तिकिटाएवढा कागद दिला होता. यानं भीती विरघळते, असं तो म्हणाला होता. मी तो शब्दकोशात जपून ठेवला होता. मला स्वतःला तो खायचं धाडस झालं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र मी तो कागद चहाच्या कपात बुडवला, चांगला ढवळला, आणि विंगेत लटलटत उभ्या असलेल्या पास्कलच्या हातात तो कप दिला. त्याला सांगितलं काहीच नाही.

तासाभरानं पास्कल स्टेजवर गेला आणि असा गायला की विचारू नका. दोन कडव्यांचं गाणं, त्यानं तिथल्या तिथं आठ-नऊ कडवी जोडली. शेवटी खाली उतरला, अध्यक्षांच्या गळ्यातला हार काढून मेसच्या आचाऱ्याला घातला आणि मेसमधलं भाताचं ताट अध्यक्षांसमोर ठेवून म्हणाला, "जेवा." छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळचं सगळं मला लख्ख आठवतं. आमचे जिमखान्याचे सर, ज्यांना पोरं वाघ म्हणायची, ते विंगेत उभे राहून मखमली पडद्यावरून प्रेमानं हात फिरवत होते, तेही आठवतं. मला वाटलं, कामानं शिणले बिचारे.

आठवड्यानं नोटीस लागली. 'नशा करून बेशिस्त वर्तन', पास्कल कॉलेजातून बाद. तो कुणाला न भेटता वसईला गेला. पदवी हुकली. पुढं आखातात गेला आणि रुवैसच्या रिफायनरीच्या स्टोअरमध्ये त्यानं नट-बोल्ट मोजत जन्म काढला. मी एम.ए. झाले, प्राध्यापक झाले. आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही कुणीतरी विचारतं, "काय पास्कल, आज गोळी घेतली का?" सगळे हसरे चेहरे टाकतात. पास्कल त्या ग्रुपवर आहे, पण त्यानं आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. मीही तो हसरा चेहरा टाकत आले, आणि दर वेळी लगेच फोन पालथा घालत आले.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "एकदा येऊन जा गं. तुझी आई दिवाळीला अनारसे करायची, तसले कुठं मिळत नाहीत." मी ठरवलं, जायचं, अनारसे द्यायचे आणि सगळं कबूल करायचं. मरण्याआधी माफी मागायची, बस. तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, गूळ घालून पीठ मुरवलं आणि खसखशीवर थापून एकेक अनारसा साजूक तुपात तळला. पहिल्या घाण्यात दोन हसले (तुपात फुटून विरघळले), बाकीच्यांना आईसारखी जाळी पडली.

रुवैस अबुधाबीच्या पश्चिमेला, गाडीनं अडीच तासांवर. केतकीच्या नवऱ्यानं ओळखीची टॅक्सी ठरवून दिली. ड्रायव्हर गुलभाई, पेशावरचे, साठीचे, मेंदीनं लाल केलेली दाढी, मला बाजी (ताई) म्हणायचे. मी डबा मांडीवर घेऊन मागे बसले.

"बाजी, रुवैस में कौन है?"

"दोस्त."

"अच्छा, सहेली."

"सहेली नहीं, दोस्त. मर्द है."

आरशातून त्यांनी मला एकदा नीट पाहून घेतलं. "कितने साल पुराना?"

"पचपन साल समझो."

"माशाल्ला," ते म्हणाले आणि आदरानं रेडिओचा आवाज बारीक केला.

शहर संपलं आणि रस्ता सरळसोट झाला. कडेला खजुराची झाडं ओळीनं लावलेली, प्रत्येकाच्या बुंध्याशी पाण्याची काळी नळी. झाडांमागं जाळीचं कुंपण आणि कुंपणामागं वाळू. मी वाळवंट म्हणजे पिवळ्या टेकड्या समजत होते. इथं मैलोनमैल सब्खा (समुद्राकाठची खारवट, सपाट जमीन) पसरली होती, वर मिठाचा पांढरा पापुद्रा. एक उंट कुंपणाला मान घासत उभा होता. मी "उंट, उंट!" करून ओरडले तसे गुलभाई हसले. वाटेत मिर्फाजवळ पेट्रोल पंपावर थांबलो. तिथं तव्यावर कागदासारखी पातळ रगाग (कुरकुरीत भाकरी) भाजत होते, आत अंडं आणि चीज. झकास लागली. मी उदार होऊन अनारशांचा डबा उघडला आणि गुलभाईंपुढं धरला.

त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि हात मागं घेतला. "शुगर है बाजी. डॉक्टर ने बोला खलास."

त्यांच्या त्या डॉक्टरला माझे दंडवत.

रुवैस मला आवडलं. मोठमोठ्या चिमण्या आणि टाक्या गावाबाहेर, समुद्राकडे. गावात मात्र कडुनिंबाच्या सावलीतली दुमजली घरं, मशीद, शाळा, सायकली. पास्कल फाटकातच उभा होता. गोळाबेरीज सांगायची तर केस गेले, पोट आलं आणि खांदे वाकले. हसू तेवढं जुनंच.

"शुभा, म्हातारी झालीस गं."

"तू काय आरशात बघत नाहीस का रे?"

तो मुलाकडे राहतो. मुलगा नेल्सन त्याच रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर, सून नर्स. दोघंही ड्युटीवर होते. घरात सगळीकडे नेल्सनची छाप: गॅसपाशी आग विझवायचं लाल नळकांडं, जिन्याला पिवळी पट्टी, बाथरूमच्या दारावर 'फरशी ओली असू शकते'. ज्या माणसानं अध्यक्षांपुढं ताट आदळलं त्याच्या पोटी असा मुलगा यावा याची मला मौज वाटली. पास्कलनं केलेलं मटण आणि भात जेवलो. मी दोनदा विषय काढायला तोंड उघडलं आणि दोनदा पुन्हा भात घेतला. शेवटी धीर गोळा करायला आधी अनारसे द्यावेत म्हणून डबा काढला.

पास्कलनं पहिला अनारसा दोन्ही हातांत धरला, उलटा करून जाळी पाहिली आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला त्याचे डोळे पाणावले. "तुझ्या आईची जाळी," तो म्हणाला. चौथा घेतला तेव्हा दार वाजलं आणि नेल्सन आला. कमरेला चाव्यांचा जुडगा, खिशाला ओळखपत्र.

"हॅलो आंटी! पप्पा रोज तुमचंच बोलत होते. हे काय, अनारसे?" त्यानं एक उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबला. सेफ्टीवाला माणूस. त्यानं तो उलटसुलट करून खिडकीच्या उजेडात धरला.

"आंटी, ही खसखस आहे?"

"मग तुला काय राजगिरा वाटला?" मी अभिमानानं म्हणाले.

त्यानं अनारसा इतक्या हळू खाली ठेवला की मला वाटलं तो तडकलाय. "पप्पा, किती खाल्ले?"

"हा चौथा."

"आंटी, खसखस इथं बॅन आहे. म्हणजे नुसती मनाई नाही, ड्रग्जच्या यादीत आहे. अफूच्या झाडाचं बी ना ते! एअरपोर्टवर पकडली जातात माणसं, जेल होते. आमच्या प्लांटमध्ये कुणाचीही कधीही युरीन टेस्ट होते, मी खाल्ला असता तर माझी नोकरी गेली असती. तुम्ही पप्पांना ड्रग खायला घातलंय!"

"दुसऱ्यांदा," मी म्हणाले.

ही कबुली मी पुण्यापासून घोकत आले होते. तिला छान सुरुवात होती, मध्ये क्षमेची याचना होती. सगळं राहिलं बाजूला आणि तोंडातून हा एकच शब्द पडला.

"दुसऱ्यांदा म्हणजे?" पास्कलनं विचारलं.

"पहिल्यांदाचं नंतर," नेल्सन म्हणाला. "आधी हे खलास करू. यल्ला, चला!"

त्यानं डबा उचलला आणि बाथरूमकडे धावला. आम्ही दोघं म्हातारे मागोमाग. मला वाटतं माझ्या तरुणपणी आमच्यातल्या कुणावर ही वेळ आली नव्हती. आज बहात्तराव्या वर्षी मी माल संडासात जाताना बघत होते. नेल्सननं सगळे अनारसे कमोडात ओतले आणि पाणी सोडलं. पाणी गेलं. अनारसे तुपावर तरंगतात तसे गोल गोल फिरून पुन्हा वर आले, खसखशीची बाजू वर.

"आंटी, हे बुडत का नाहीत?"

"साजूक तूप आहे रे त्यात."

पास्कल खो खो हसत सुटला. नेल्सननं पुन्हा टाकी भरायची वाट पाहिली. आत्ता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटून मी दारातच सुरुवात केली. "पास्कल, गॅदरिंगच्या दिवशी मी तुला चहा दिला होता. त्या चहात मी..."

पाण्याचा धबधबा झाला.

"काय?" पास्कल कानाला हात लावून म्हणाला.

"त्या चहात मी त्या हिप्प्याचा नशेचा कागद टाकला होता!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले, आणि नेमकं तेव्हाच पाणी थांबलं. शेजारच्या बंगल्यात कुत्रं भुंकायला लागलं. नेल्सनचा हात टाकीच्या बटणावर तसाच राहिला.

पास्कलनं कानावरचा हात खाली घेतला. "तो चहा?" तो म्हणाला. "तो तर वाघ प्याला."

"कोण?"

"जिमखान्याचे सर. माझ्या घशाखाली थुंकी उतरत नव्हती, चहा कुठला उतरणार? मी कप धरून उभा होतो. सर आले, 'टाइम बघा, टाइम!' करून ओरडले, माझ्या हातातला कप घेतला आणि घटाघट प्याले. वर म्हणाले, साखर कमी आहे."

माझ्या डोळ्यांसमोर तो मखमली पडदा आला आणि त्यावरून मायेनं फिरणारा सरांचा हात. मी बाथरूमच्या उंबऱ्यावर मटकन बसले आणि हसू लागले. हसता हसता मला ठसका लागला. पन्नासहून अधिक वर्षांचं ओझं खाली उतरलं होतं. मी कुणाचंही आयुष्य बिघडवलं नव्हतं. वाघाला एक संध्याकाळ मखमलीचा आनंद दिला होता, एवढंच. मी डोळे पुसून वर पाहिलं. पास्कल हसत नव्हता.

"म्हणजे शुभा, तुलाही असंच वाटत होतं? की मी नशेत गायलो?"

माझं हसू गळालं.

"नोटीस लावायच्या आधी प्राचार्यांनी मला बोलावलं होतं," तो म्हणाला. "वाघानं रिपोर्ट दिला होता, मुलगा नशेत होता म्हणून. प्राचार्य चांगले होते. त्यांनी कागद पुढं केला. म्हणाले, लिहून दे की मी शुद्धीत नव्हतो, काय बोललो ते मला कळत नव्हतं. दंड करून सोडतो, परीक्षेला बस. मी म्हणालो, सर, मी शुद्धीत होतो. आयुष्यात एवढा शुद्धीत कधी नव्हतो. पाय कापत होते, जीभ कोरडी पडली होती, तरी गायलो. त्या कागदावर मी सही केली नाही. म्हणून गेलो मी. वसईला बाबांनी सहा महिने तोंड बघितलं नाही माझं."

"पप्पा, तुम्ही हे कधी बोलला नाहीत," नेल्सन म्हणाला.

"तुला काय सांगू? तू जिन्याला पट्ट्या लावणारा माणूस." मग तो माझ्याकडे वळला. "ग्रुपवर बाकीचे काहीही लिहोत, मला त्याचं काही नाही. पण तू हसरा चेहरा टाकायचीस ना, तेव्हा वाटायचं, ही तरी खरं ओळखत असेल आणि गंमत म्हणून टाकत असेल. तू माझ्याबरोबर गायचीस गं."

मी म्हणाले, "मला माफ कर."

"माफी कशाची? चहा तर वाघ प्याला. इतकी वर्षं तू माझी कीव करत बसलीस, शुभा. मला शाबासकी हवी होती."

मला खूप लाज वाटली. गुन्हा मी केलाच होता, पण तो चहातला नव्हता. आमच्यातला सर्वात भित्रा मुलगा पूर्ण शुद्धीवर उभा राहून खरं बोलला, हे मला सुचलंच नाही. त्याचं धाडस मी एका कागदाच्या चिटोऱ्याला बहाल करून टाकलं होतं. मी शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. नेल्सननं मला आधी पाणी दिलं, मग उंबऱ्यावरून उठवलं, कारण फरशी खरंच ओली होती. अनारसे सहाव्या पाण्याला गेले. पास्कलच्या हातात चौथ्याचा अर्धा तुकडा उरला होता. नेल्सनची पाठ वळल्यावर तो त्यानं गपकन तोंडात टाकला.

संध्याकाळी आम्ही दोघं समुद्रावर गेलो. पाणी तळ्यासारखं शांत होतं आणि लांब रिफायनरीची ज्योत जळत होती. मी म्हणाले, "म्हण की." तो आधी नको म्हणाला, मग हलक्या आवाजात म्हणाला, तूप आणि खडे, आणि मग त्या संध्याकाळी तिथल्या तिथं रचलेली कडवी, एकूण एक. त्याला सगळी पाठ होती. मी ठेका धरला. शेजारी एक फिलिपिनो कुटुंब चटई टाकून बसलं होतं. गाणं संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पास्कलला हॅपी बर्थडे म्हणून केकचा तुकडा दिला. त्यानं तो गंभीर चेहऱ्यानं घेतला.

परतताना गुलभाईंनी विचारलं, "बाजी, मिठाई दोस्त को पसंद आई?" मी म्हणाले, बहुत. मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, दोन्ही कानांना हात लावले आणि नंतर रीम आयलंडपर्यंत पोट धरून हसत राहिले. केतकी मात्र हसली नाही. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, फोन काढला आणि ती यादी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली. खसखस सातव्या ओळीत होती. रिकामा डबा तिनं तीनदा घासला आणि तरी टाकून दिला. इराला शाळेत दुसरं बक्षीस मिळालं होतं.

"पण आजी, यू नेव्हर टोल्ड मी. नाही म्हणायचे, टु व्हॉट?"

"खोट्या कागदावर सही करायला," मी म्हणाले.

"दॅट्स इट?"

"तेवढंच खूप अवघड असतं, बाळा."

ती निराश होऊन निघून गेली. तिला काहीतरी रंगीबेरंगी अपेक्षित होतं.

पुण्याला घरी पोचले त्या सकाळी बॅग तशीच ठेवून मी आधी चहा केला आणि फोन घेऊन बसले. ग्रुपवर नेहमीप्रमाणे अमेरिकेहून सुविचार आला होता आणि त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, "शुभा, पास्कल भेटला का? अजून टाइट असतो का?" एकोणीस हसरे चेहरे. मी लिहायला घेतलं. कागद कुणी दिला, चहात कुणी टाकला, चहा कोण प्याला आणि मखमलीवर हात कोण फिरवत होतं. प्राचार्यांनी काय लिहून मागितलं आणि पास्कलनं काय सांगितलं. खाली माझं पूर्ण नाव घातलं, निवृत्त उपप्राचार्य आणि शिस्त समितीची माजी सदस्य, असं सगळं. त्या ग्रुपवर माझे चार विद्यार्थीही आहेत, ज्यांना मी कधीकाळी नियम वाचून दाखवले होते. शेवटची ओळ लिहिली: पास्कल शुद्धीत होता. शाबास, पास्कल.

पाठवायला बोट पुढं केलं तर ते थरथरत होतं. जीभ कोरडी पडली होती. पोटात नुसता साधा चहा होता. पाठवलं.

फोन समोर उघडा ठेवून मी बॅग रिकामी केली. मग पास्कलच्या नावापुढं टिंबं हलू लागली आणि त्या ग्रुपवरचे त्याचे पहिले शब्द आले.

"शाबास, शुभा."